पेठेतला फळा आणि फीड रीडर

२०२० चा ऑगस्ट महिना. कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानदारांचा फोन आला. "ताई, गिऱ्हाइकाचे पैसे गेल्यात, पण ऑर्डर काय दिसंना." साइट आम्हीच केलेली. कोरोनामुळे तेव्हा आम्ही तिघंही घरूनच काम करत होतो. मी लगेच नवी विंडो उघडली, चपलांचा एक जोड कार्टमध्ये टाकला, चाचणीचं पेमेंट केलं. ऑर्डर व्यवस्थित पडली. "त्यांचं नेट गेलं असेल," असं सांगून फोन ठेवला. संध्याकाळी पुन्हा फोन. आणखी दोघांचं तसंच झालेलं. आम्ही परत तपासलं, आमच्याकडे परत सगळं चाललं. दोन दिवस यातच गेले.

शेवटी कारण सापडलं ते कुकीत. कुकी ही साइटने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली चिठ्ठी असते: हा माणूस अमुक, याच्या कार्टमध्ये तमुक. माणूस पुढचं पान उघडतो तेव्हा ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि साइट त्याला ओळखते. आता गिऱ्हाईक पैसे भरायला बँकेच्या पानावर गेलं आणि तिथून त्याला आपल्या साइटवर परत पाठवलं, तर त्या वेळी चिठ्ठी दाखवायची की नाही? हे 'सेमसाइट' नावाच्या एका सूचनेवर ठरतं. आम्ही ती सूचना लिहिलीच नव्हती. पूर्वी ती नसली तरी क्रोम चिठ्ठी दाखवायचा. नव्या नियमाने ते उलटं झालं. सूचना नसेल आणि माणूस दुसऱ्या साइटवरून 'पोस्ट' पद्धतीने, म्हणजे फॉर्म भरून पाठवल्यासारखा, परत येत असेल, तर चिठ्ठी द्यायची नाही. बँकेतून परतलेलं गिऱ्हाईक आमच्या साइटला अनोळखी वाटत होतं.

मग आमची चाचणी का चालत होती? क्रोमने तात्पुरती एक सवलत ठेवली होती. चिठ्ठी दिल्याला दोन मिनिटं झाली नसतील, तर ती दाखवायची. आम्ही घाईघाईत दीड मिनिटात चाचणी उरकत होतो. खरं गिऱ्हाईक दहा जोड बघतं, घरच्यांना विचारतं, पायाचं माप घेतं आणि मग पैसे भरतं.

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. हा बदल अचानक आला नव्हता. क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या प्रकल्पाच्या, ब्लॉगवर मे २०१९ मध्ये त्याची घोषणा झाली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये डेव्हलपरांना तिथेच पुन्हा आठवण दिली होती. फेब्रुवारी २०२० पासून तो हळूहळू लागू होऊ लागला, कोरोनामुळे एप्रिलमध्ये मागे घेतला गेला आणि १४ जुलैपासून पुन्हा सुरू झाला. प्रत्येक टप्पा लिहून जाहीर केलेला होता. वर्षभर आधी आम्हाला कळायला हवं होतं, आणि कळलं ते चपला घेणाऱ्या माणसाचे पैसे अडकल्यावर.

त्याच आठवड्यात मी फीड रीडर वापरायला लागले. तो काय असतो आणि आतून कसा चालतो, ते इथे सांगते. वेबसाइटची कामं करणाऱ्या, विशेषतः आपल्यासारख्या गावात बसून करणाऱ्या प्रत्येकाकडे तो असावा असं मला मनापासून वाटतं.

फळा

आमच्या कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत तालमीच्या किंवा मंडळाच्या भिंतीवर फळा असतो. उद्या चार वाजता शाहू स्टेडियमवर सामना. रविवारी रक्तदान शिबिर. कुणाचं दुःखद निधन, कुणाचं अभिनंदन. नवी बातमी आली की वर लिहायची, जागा संपली की खालची जुनी पुसायची. कुणी कुणाला फोन करून कळवत बसत नाही. जो तो जाता-येता फळा वाचतो.

वेबसाइटचं फीड हा असाच फळा आहे. ब्लॉगच्या रंगीत पानांमागे एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात अलीकडच्या दहा-वीस लेखांची नावं, दुवे आणि तारखा असतात, कधी अख्खे लेखही असतात. नवा लेख आला की यादीत वर चढतो आणि सगळ्यात जुना खालून बाहेर पडतो. या फाइलला चित्रं, मेनू, जाहिराती, काही नाही. ती प्रोग्रॅमने वाचायची असते.

आता समजा तुम्हाला एका नाही, चाळीस पेठांतले फळे रोज वाचायचेत. स्वतः फिरायचं म्हटलं तर चार दिवसांत कंटाळाल. म्हणून एका पोराला सायकल देऊन सांगितलं: तासातासाला चक्कर मार, जिथं नवं असेल तेवढंच उतरवून आण, मी वाचलेलं परत आणू नको. ते पोरगं म्हणजे फीड रीडर. तुम्ही त्याला एकदा पत्ते द्यायचे, पुढचं फिरणं त्याचं.

या फाइलच्या मूळ पद्धतीचं नाव आरएसएस. आपल्याकडे ही तीन अक्षरं ऐकली की वेगळाच अर्थ मनात येतो, म्हणून मी ऑफिसात आणि इथेही 'फीड' हाच शब्द वापरते.

फळ्यावरची एक नोंद जवळून बघू. तिला 'आयटम' म्हणतात. आत 'टायटल' म्हणजे लेखाचं नाव, 'लिंक' म्हणजे पत्ता, 'डिस्क्रिप्शन' म्हणजे मजकूर किंवा त्याचा सारांश. मग प्रसिद्धीची तारीख, ती अशी: सोम, ०५ ऑग २०२४ ०९:३०:०० +०५३०. शेवटचं +०५३० म्हणजे ही वेळ भारतातली आहे, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची. त्यामुळे लंडनचा लेख आणि कोल्हापूरचा लेख एकाच यादीत आपापल्या खऱ्या क्रमाने लागतात.

आणि एक छोटा रकाना, ज्याच्याकडे कुणी बघत नाही: 'जीयूआयडी'. हा त्या नोंदीचा पावती नंबर. लेखाचं नाव बदललं, चूक दुरुस्त केली, तरी पावती नंबर तोच राहतो, आणि त्यावरून रीडर ओळखतो की हे आपण आधी आणलंय. हा रकाना किती महत्त्वाचा आहे ते आम्ही एकदा अनुभवलं. एका साइटला सुरक्षित पत्ता, म्हणजे पुढे एचटीटीपीएस असलेला, द्यायचा होता. डेटाबेसमध्ये जिथं जिथं जुना पत्ता होता तिथं नवा घातला. वर्डप्रेसच्या, म्हणजे साइट ज्या तयार प्रणालीवर चालते तिच्या, डेटाबेसमध्ये जीयूआयडीचा एक रकाना असतो, त्यालाही हात लागला. सगळ्या पावत्यांचे नंबर बदलले, आणि फीडमधले सगळे जुने लेख वाचकांच्या रीडरमध्ये नवे म्हणून जाऊन पडले. वर्डप्रेसच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की हा रकाना बदलू नका. तुम्ही कधी साइट हलवलीत तर तेवढा तो वगळा.

पोरगं फिरतं कसं

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हे फिरणं किती काटकसरीने होतं.

एका ब्लॉगला दहा हजार रीडर दर तासाला येऊन विचारतात असं समजा. प्रत्येकाला प्रत्येक वेळी अख्खी फाइल द्यायची म्हटलं तर सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तो कॉम्प्युटर, दमून जाईल, आणि बहुतेक वेळा फाइलीत नवं काहीच नसेल. म्हणून पहिल्यांदा फाइल देताना सर्व्हर सोबत एक खूण देतो. तिला 'ईटॅग' म्हणतात. फळ्याच्या कोपऱ्यात खडूने एक आकडा लिहावा आणि फळा बदलला की आकडाही बदलावा, तसं. पुढच्या फेरीला पोरगं फळ्याजवळ न जाता लांबूनच विचारतं: "माझ्याकडं सतरा नंबर आहे, बदललाय काय?" आतून उत्तर येतं: "नाही, तोच आहे." संपलं. सायकल वळली. वेबच्या भाषेत या उत्तराचा क्रमांक ३०४. त्याच्यासोबत मजकूर पाठवलाच जात नाही. बदललं असेल तर २०० क्रमांकाचं उत्तर येतं आणि मागोमाग अख्खी फाइल. खुणेऐवजी शेवटच्या बदलाची तारीखही विचारता येते, काम तेच.

हे समजून घेतलंत तर तुम्हाला फक्त फीड कळत नाही. ब्राउझर चित्रं पुन्हा पुन्हा का उतरवत नाही, साइटची कॅश, म्हणजे एकदा आणलेलं जवळ ठेवून परत वापरणं, कशी चालते, हे सगळं याच विचारण्यावर उभं आहे. शिकाऊ मुलांना मी कॅश शिकवताना आधी फीडच दाखवते.

तासाची चक्करही जास्त वाटत असेल, तर आणखी एक पद्धत आहे, वेबसब नावाची. जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला मानक म्हणून मान्यता दिली. यात ब्लॉग मधल्या एका केंद्राला कळवतो की नवं लिहिलंय, आणि ते केंद्र नाव नोंदवलेल्या रीडरना लगेच पोचतं करतं. सगळे ब्लॉग हे देत नाहीत, पण त्यामुळे काही अडत नाही. सायकल आहेच.

यात वाचकाने स्वतःबद्दल काय दिलं, तेही बघा. ईमेलच्या न्यूजलेटरला तुमचा पत्ता द्यावा लागतो. तो कुणाकडे जातो, मेल तुम्ही उघडली की नाही हे कोण मोजतं, आपल्याला कळत नाही. सोशल मीडियावर तुम्ही एखाद्याला फॉलो केलं तरी त्याचं लिहिलेलं तुम्हाला दाखवायचं की नाही, हे कंपनीचं गणित ठरवतं. फळ्याला मात्र नाव-गाव द्यावं लागत नाही. जे लिहिलंय ते येतं, तारखेच्या क्रमाने येतं, आणि कुणी पैसे देऊन वर सरकू शकत नाही.

थोडा इतिहास

मार्च १९९९ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीत डॅन लिबी आणि रामनाथन गुहा यांनी ही पद्धत पहिल्यांदा आणली. गुहा मद्रास आयआयटीत शिकलेले. नेटस्केपला आपल्या पोर्टलवर दुसऱ्या साइटच्या बातम्यांचे मथळे दाखवायचे होते, त्यासाठी हे केलं. पुढे ती कशी वाढवायची यावर मतभेद झाले आणि दोन वाटा फुटल्या. डिसेंबर २००० मध्ये आलेली १.० आवृत्ती करणाऱ्या गटात चौदा वर्षांचा एक मुलगा होता, ॲरन स्वॉर्ट्झ. डेव्ह वायनर यांची २.० आवृत्ती २००२ मध्ये आली आणि तीच जास्त पसरली. २००५ च्या डिसेंबरात ॲटम नावाची अधिक काटेकोर पद्धत मानक झाली, २०१७ मध्ये जेसन फीड आलं. वाचणाऱ्याने यातलं काही लक्षात ठेवायची गरज नाही. जवळपास सगळ्या चांगल्या रीडरना या सगळ्या भाषा येतात.

तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल तर फीड आधीपासून वापरताय. नोंदीसोबत आवाजाची फाइल जोडायची सोय या पद्धतीत २००० सालीच आली आणि त्यातूनच पॉडकास्ट उभे राहिले.

गूगल रीडर २००५ मध्ये सुरू झाला आणि इतका चांगला होता की खूप जणांनी दुसरा शोधलाच नाही. १३ मार्च २०१३ ला गूगलने तो बंद करणार असल्याचं जाहीर केलं, १ जुलैला तो बंद झाला. तेव्हापासून "फीड संपलं" असं बोललं जातं. मला हे ऐकलं की वाईट वाटतं, कारण एक सायकलवालं पोरगं काम सोडून गेलं म्हणून पेठेतले फळे पुसले गेले नाहीत. ते लोकांच्या आपापल्या साइटवर होते आणि आहेत. आपल्या पत्त्यांची यादीही आपलीच असते. ओपीएमएल नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये ती बाहेर काढता येते आणि दुसऱ्या रीडरमध्ये जशीच्या तशी भरता येते. तेव्हा फीडली आणि इतर रीडरकडे लोक याच फाइलच्या आधाराने गेले.

कुठून सुरू करावं

रीडर दोन प्रकारचे. एक तुमच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर राहून स्वतः फेरी मारणारे: अँड्रॉइडवर फीडर, आयफोन आणि मॅकवर नेटन्यूजवायर, कॉम्प्युटरवर थंडरबर्डसुद्धा. दुसरे सर्व्हरवर राहून फेरी मारणारे: फीडली, इनोरीडर, किंवा स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचे फ्रेशआरएसएस आणि मिनीफ्लक्स. ऑफिस आणि घर दोन्हीकडे वाचायचं असेल तर दुसरा प्रकार सोयीचा, कारण काय वाचलं याची नोंद एकाच जागी राहते. यावर फार विचार करू नका. आवडला नाही तर यादी उचलून दुसरीकडे जाता येतं.

फळ्याचा पत्ता बहुतेक वेळा शोधावा लागत नाही. ब्लॉगचा साधा पत्ता रीडरमध्ये टाकला की तो पानाच्या मूळ कोडमध्ये बघतो. तिथं 'लिंक' टॅगमध्ये फीडचा पत्ता लिहिलेला असतो, माणसाला न दिसणारा. तसं सापडलं नाही आणि साइट वर्डप्रेसची असेल, तर पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहून बघा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या कुठल्याही प्रकल्पाच्या रिलीजेसच्या पानाच्या पत्त्याला शेवटी 'डॉट ॲटम' जोडलं की त्याच्या नव्या आवृत्त्यांचं फीड मिळतं. आम्ही वापरतो त्या प्रत्येक लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचं, फीड मी असं लावून ठेवलंय.

काय वाचायचं? आधी ब्राउझर बनवणारे. क्रोमियम (क्रोम), वेबकिट (सफारी) आणि मोझिला (फायरफॉक्स) यांचे ब्लॉग, वेबची माहिती देणाऱ्या एमडीएनचा ब्लॉग, वेब डॉट डेव्ह. आपल्या साइट शेवटी यांच्याच घरात राहतात आणि ही घरं सतत बदलत असतात. फायरफॉक्सने २०२० मध्ये आणि क्रोमने २०२१ मध्ये दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती आणायला सुरुवात केली. यांचा प्रत्येक शब्द वाचायचा नसतो. मथळ्यांवरून नजर फिरवायची आणि 'काढून टाकणार', 'नियम बदलणार', 'आता सगळीकडे' असं काही दिसलं की थांबायचं.

एक उदाहरण देते. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, बाहेरच्या चौकटीला आई-बाबा आणि आतल्या गोष्टीला मूल म्हणू. आई-बाबांवरून मुलाला रंग देता येत होता, पण मुलाकडे बघून आई-बाबांना देता येत नव्हता. चपलेच्या चौकटीत 'संपलं' ही पट्टी असेल तर अख्खी चौकट फिकट करायची, एवढ्यासाठी आम्ही जावास्क्रिप्ट लिहायचो. मार्च २०२२ मध्ये सफारीत 'हॅज' नावाचा सिलेक्टर, म्हणजे कुठल्या भागाला रूप द्यायचं ते निवडायची खूण, आला आणि हे एका ओळीत करता येऊ लागलं. ऑगस्ट २०२२ मध्ये तो क्रोममध्ये आला. फायरफॉक्सला मात्र डिसेंबर २०२३ उजाडला. या तिन्ही बातम्या माझ्या रीडरमध्ये आल्या. तिसरी आल्यावर आम्ही ते जावास्क्रिप्ट काढलं, आणि चपलांची साइट जुन्या फोनवरही हलकी झाली. २०२३ पासून 'बेसलाइन' नावाची एक खूणही वापरतात. एखादी सोय सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये आली की 'नव्याने उपलब्ध', आणि त्यानंतर तीस महिने गेले की 'सर्वत्र उपलब्ध'. सरकारी किंवा बँकेचं काम करणाऱ्यांनी ही दुसरी खूण धरून चालावं.

मग शिकवणारी माणसं. जॉश कोमो यांच्या लेखात आकृती बोटाने हलवून बघता येते. अहमद शदीद सीएसएसचा एकेक गुणधर्म घेऊन शेवटपर्यंत जातात. रेचेल अँड्र्यू यांच्याकडून मी ग्रिड, म्हणजे सीएसएसने पानाची मांडणी करायची पद्धत, शिकले. ज्युलिया इव्हान्स नेटवर्क आणि गिटसारखे (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) विषय इतक्या प्रेमाने उलगडतात की भीती जाते. यातल्या काहींचं लिखाण महिनोन्‌महिने येत नाही, आणि फीड रीडरचं खरं मोल मला इथेच दिसतं. रोज लिहिणाऱ्याचं तुम्हाला कुठूनही कळेल. आठ महिन्यांनी एकदा लिहिणाऱ्याची आठवण कोण ठेवणार? पोरगं त्या बंद वाटणाऱ्या फळ्यावरही न चुकता जातं, आणि एका सकाळी तिथे नवा खडू दिसतो.

आपल्याकडे मुलांना अजून सांगितलं जातं, "शिकायचं असंल तर पुण्याला जा." पुण्यात जेवणाच्या सुट्टीत बाजूच्या टेबलवरून कानावर पडतं, हे खरं आहे. राजारामपुरीत तिघांच्या ऑफिसात ते पडत नाही. पण ती माणसं जे बोलतात, त्याचा उगम बहुतेक वेळा याच चाळीस-पन्नास फळ्यांवर असतो. तिथे मंगळवार पेठेतलं पोरगं आणि बेंगळुरूतला इंजिनिअर एकाच मिनिटाला पोचू शकतात.

सुरुवातीला चूक होते ती एकच: हावरटपणा. मीही पहिल्या आठवड्यात दोनशे ब्लॉग जोडले आणि न वाचलेल्यांचा आकडा बघून रीडर उघडायची धास्ती वाटायला लागली. दहा जोडा. एखादा ब्लॉग रोज पाच लेख टाकत असेल आणि तुम्ही सलग ते न वाचता पुढे जात असाल, तर त्याला यादीतून काढा. 'सगळं वाचलं' हे बटण बिनधास्त दाबा. महत्त्वाचं असेल ते दुसऱ्या ब्लॉगवर परत येतंच. मी सकाळी कामाला बसण्याआधी वीस मिनिटं मथळे बघते, दोन लेख शनिवारसाठी बाजूला ठेवते, बाकी सोडून देते.

आमच्याकडे नवं कुणी कामाला लागलं की पहिल्या दिवशी मी त्यांना लॅपटॉपसोबत माझी ओपीएमएल फाइल देते. बत्तीस ब्लॉग आहेत त्यात. दोनेक महिन्यांनी मी त्यांची फाइल मागते. गेल्या खेपेला पॉलिटेक्निक करून आलेल्या मुलीच्या यादीत माझी अकरा नावं गेलेली होती आणि सात नवी होती. त्यातली पाच मी माझ्याकडे घेतली.